ही घागर कोणाची?

माझ्या घरासमोर शाळा आहे. मार्चमध्ये तिथं दहावीचं केंद्र असतं. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आता पेपर काढायचे नाहीत, तपासायचे नाहीत, तरी या दिवसांत साडेदहा वाजले की मी गॅलरीत जाऊन उभी राहते. खाली नांदेडचं ऊन तापायला लागलेलं असतं. रिक्षातून, मोटारसायकलवरून पोरं उतरतात. आया त्यांच्या हातात पाण्याची बाटली कोंबतात आणि प्रवेशपत्र घेतलं का म्हणून तिसऱ्यांदा विचारतात. हळूहळू गर्दी आत जाते, फाटकाशी एकटा शिपाई उरतो, आणि मी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत राहते. दरवर्षी एखादी तरी पोरगी उशिरा येतेच, ओढणी सावरत, पॅड छातीशी धरून पळत. ती आत जाईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. नोकरीत होते तेव्हा मी फाटकाशीच थांबायचे आणि शिपायाला कडी लावू द्यायचे नाही. शाळेत सगळे म्हणायचे, बाई फार मायाळू आहेत. माझी सून जरा स्पष्ट बोलते. ती म्हणते, "आई, पेपर त्यांचा आणि घाम तुम्हाला." मी हसून सोडून देते. चाळीस वर्षं जे कोणाला सांगितलं नाही, ते तिला काय सांगू?

यंदा अशीच उभी होते आणि फोन वाजला. आमच्या वर्गातल्या मुलांचा, म्हणजे आता साठीला टेकलेल्या मुलांचा, एक ग्रुप आहे. त्यावर दोन ओळी होत्या. पंचशीला गेली, आज पहाटे, नायगावला. झोपेतच. खाली एकामागून एक जोडलेले हात यायला लागले. 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे शब्द एकानं लिहिले आणि बाकीच्यांनी तेच उचलून पुढं चिकटवले. एकानं तर घाईत आदल्या दिवशीच्या वाढदिवसाचा केक पाठवला आणि मग खोडला. मला राग आला. खरं तर राग यायचं काही कारण नव्हतं, लोक बिचारे दुसरं काय करणार? पण मी स्वतः तेवढंही लिहू शकले नाही. समोर फाटक बंद झालं होतं. त्या दिवशी उशिरा आलेली कोणी होती का, ते मी बघितलंच नाही.

आमचं गाव जळकोटपासून तीन कोसांवर. माझे वडील तिथं शाळेत शिक्षक होते. त्यांना सगळे गुरुजी म्हणायचे आणि मला गुरुजींची मीना. आमच्या दहावीच्या वर्षी गावात दोन गोष्टी झाल्या. पाऊस आला नाही आणि जिल्हा आला. लातूर वेगळा जिल्हा झाला आणि आमचा तालुका त्यात गेला. वडिलांनी शाळेच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहिलेलं 'जि. उस्मानाबाद' ओल्या फडक्यानं पुसलं आणि 'जि. लातूर' लिहिलं. पुसलेलं फडकं पिळून त्यांनी ते पाणी कुंडीत टाकलं, इतकी पाण्याची तंगी होती. पारावर एक म्हातारे बसायचे, ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "माझा बाप बीदर जिल्ह्यात मेला, मी उस्मानाबाद जिल्ह्यात म्हातारा झालो, आन् आता मरनार लातूर जिल्ह्यात. घर हाय तिथंच हाय बघा." लोक हसायचे. हसायला पाणी लागत नाही, असं शीला म्हणायची.

पंचशीलाला सगळे शीला म्हणायचे. उंच, हाडकुळी, पुढचे दोन दात जरा मोठे, आणि हसली की हातानं ते झाकायची. वेणीला करंजीचं तेल. त्या तेलाचा उग्र वास मला तेव्हा सहन व्हायचा नाही आणि आता कुठं मिळत नाही. गणितात तिच्या तोडीचं आमच्या वर्गात कोणी नव्हतं. मी गुरुजींची मुलगी, म्हणून पहिला नंबर माझा असायचा, आणि तो कसा असायचा हे आम्हा दोघींना चांगलं माहीत होतं. बीजगणित माझ्या डोक्यात शिरायचं नाही. ती काडीनं मातीत मांडून दाखवायची. "एक्सला घाबरती कशाला? त्यो काय भूत हाय का? आपल्याला म्हाईत न्हाई म्हून त्याला एक्स म्हनायचं, बस." उत्तर आलं की पायानं माती सारखी करायची आणि म्हणायची, "सोपं हाय गं, मीने." पुढं मी तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं. हुशार बाई म्हणून नाव झालं. भूत हाय का, हे वाक्य मी वर्गात किती वेळा वापरलं असेल! मुलं हसायची आणि वाक्य माझंच असल्यासारखं मी ते हसू घ्यायचे.

तोवर गावात दोन विहिरी होत्या. दोन का, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. वरच्या आळीची एक आणि बौद्ध वस्तीची एक. त्या वर्षी संक्रांतीच्या आतच दोन्ही आटल्या. टँकर एकच आला, म्हणून रांगही एकच झाली. तहसीलचा माणूस तसं बजावून गेला होता. टँकरच्या पाठीवर पिवळ्या रंगात 'जिल्हा लातूर' असं ताजं लिहिलेलं होतं आणि त्याच्याखालून जुनी अक्षरं दिसत होती. शीला म्हणाली, "बग, नव्या जिल्ह्यानं पयलं काय दिलं तर टँकर." माझी आई ते पाणी घरी आणल्यावर दोनदा गाळायची. एकदा गाळ निघावा म्हणून. दुसऱ्यांदा कशासाठी, ते मी तिला विचारलं नाही, कारण मला ते कळत होतं.

टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. म्हणून माणसांऐवजी भांडी उभी राहायची. आदल्या संध्याकाळीच घागरी, हंडे, कळशा देवळापासून चावडीपर्यंत लागलेल्या असायच्या. कोणाच्या गळ्यात चिंधी, कोणाच्या तोंडावर दगड. भांडं रांगेत आहे म्हणजे माणूस रांगेत आहे, असा नियम. पण टँकर आला की नियम बदलायचा. कोतवाल पाइप हातात घेऊन पुढं सरकायचा आणि प्रत्येक भांड्यावर थांबून विचारायचा, "ही कुनाची?" मालकानं नाही तर त्याच्या वतीनं कोणीतरी "हाव, माझी हाय" म्हणायचं. आवाज आला नाही तर तो दुसऱ्यांदा विचारायचा. तरी कोणी बोललं नाही तर घागर पायानं बाजूला, आणि मालक आल्यावर रांगेच्या शेवटाला. एका आवाजाला दोनच भांडी मिळायची. गावातल्या सगळ्या घागरी त्याला तोंडपाठ होत्या, ही कोणाची हे त्याला न विचारताही ठाऊक असायचं, पण विचारायचं ते विचारायचंच.

शीलाची घागर पितळेची होती, कुशीला मोठा पोचा पडलेली. ती लहानपणी घागरीसकट पायऱ्यांवरून घसरली होती, तेव्हाचा तो पोचा. घागर रांगेत उभी केली की तिरकी बसायची. आम्ही दोघी आमच्या घागरी शेजारी-शेजारी लावायचो आणि तिथंच बसून अभ्यास करायचो. त्या दोन महिन्यांत दहावीचं सगळं बीजगणित मी त्या रांगेत शिकले. कडब्याच्या गंजीवरून येणारं गरम वारं, भांड्यांवर ऊन पडून डोळ्यांत जाणारी तिरीप, आणि तिचं काडीनं मातीत लिहिणं. मला आजही समीकरण म्हटलं की फळा आठवत नाही, ती चावडीपुढची धूळ आठवते.

बीजगणिताच्या पेपरचा दिवस. केंद्र जळकोटला, आणि गावातून नऊची एकच एसटी. आदल्या संध्याकाळी आम्ही घागरी लावल्या होत्या, आधी माझी, मग तिची. मागून आईनं आमचा तांब्याचा हंडा आणून तिच्या घागरीमागं ठेवला. सकाळी साडेसात वाजता मी पुस्तक घेऊन रांगेशी बसले होते. शीलाचे आईवडील रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला उजाडायच्या आतच गेलेले. ती माझ्याजवळ आली, केस मोकळे, हातात फणी. म्हणाली, "मी येनी घालून, परवेशपत्र घिऊन येते. मधीच टँकर आला तर माझी म्हन."

"म्हणते," मी म्हटलं.

"पक्कं?"

"अगं जा बाई, म्हणते म्हटलं ना!"

तिचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. ती गेली आणि थोड्याच वेळात वेशीकडून टँकरची घरघर ऐकू आली. माझी घागर भरली. पाइप तिच्या घागरीवर आला. कोतवालानं विचारलं, "ही कुनाची?"

इथं मला हळू लिहायला पाहिजे. माझ्याकडं एक आवाज होता आणि दोन भांडी. एक भरलं होतं. तिच्या घागरीला मी माझी म्हटलं असतं तर आमचा हंडा रिकामा राहिला असता. आई सकाळीच म्हणाली होती, "हंडा भरल्याशिवाय येऊ नकोस, आज पेपर आहे, डोक्यावरून न्हाऊन जा." मी पुस्तकात मान घातली. पानावर जे उदाहरण होतं ते तिनंच मला दोन दिवसांपूर्वी समजावून सांगितलेलं. कोतवाल दुसऱ्यांदा म्हणाला, "ही कुनाची हाय? बोला लवकर." मागून एक बाई म्हणाली, "आरं त्येंची हाय, सरकव." कोणाची ते सगळ्यांना दिसत होतं. आणि मी दिसत नव्हते असं मला वाटत होतं. घागर दगडावर घासत बाजूला गेल्याचा आवाज आला. मग तो हंड्यावर आला आणि मी मान वर करून स्पष्ट म्हणाले, "माझा."

शीला आली तेव्हा तिची अर्धी वेणी घातलेली होती. टँकरचा आवाज ऐकून तशीच पळत आली होती. घागर बाजूला आडवी पडलेली. तिनं ती उभी केली आणि माझ्याकडं बघितलं. "मीने, बोलली न्हाईस का?"

"अगं, माझं लक्षच नव्हतं. मी पुस्तकात होते."

ती क्षणभर थांबली. तेवढ्यात तिनं काय ओळखलं, काय नाही, याचा मी पुढं चाळीस वर्षं विचार केला. ती म्हणाली, "बरं. हो तू म्होरं. गाडी थांबव जरा." आणि घागर घेऊन रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहिली. घरात पाण्याचा थेंब नव्हता, आई संध्याकाळी खडी फोडून येणार. ती घागर तशी टाकून जाणारी पोरगी नव्हती.

मी घरी जाऊन न्हाले. बसमध्ये बसले तेव्हा माझे केस ओले होते आणि मानेवरून पाणी पाठीत उतरत होतं. थंड वाटत होतं, हेही खरं सांगून टाकते. कंडक्टरला मी सांगितलं, एक मुलगी यायची आहे, पेपर आहे तिचा. तो भला माणूस दोन मिनिटं थांबला. ती दोन मिनिटं मी नंतर फार वर्षं पुरवून पुरवून वापरली. मी गाडी तर थांबवली होती ना, असं स्वतःला सांगायचे.

पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला होता. मी खिडकीशी होते. फाटकाबाहेर लिंबाखाली ती उभी दिसली. तीन कोस कशी आली, धावत की कोणाच्या सायकलवर, मला माहीत नाही. अंगावर शाळेचा निळा-पांढरा ड्रेस, हातात पॅड. फाटकावरच्या माणसाशी काहीतरी बोलत होती, तो मान हलवत होता. मग तिनं बोलणं थांबवलं आणि तिथंच खाली बसली. मी पेपर लिहीत राहिले. तिसऱ्या प्रश्नात तेच उदाहरण होतं, पुस्तकातलं. मी ते पूर्ण सोडवलं.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली. माझ्या हातातली प्रश्नपत्रिका घेऊन वाचली, खिडकीबाहेर बघत बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "तिसरा तर सोपा होता गं." मी मोठ्यानं रडायला लागले. तिला वाटलं मी तिच्यासाठी रडते आहे. तिनं माझे डोळे तिच्या ओढणीनं पुसले. "येडी का काय तू? आक्टोबरला देईन की."

ऑक्टोबर यायच्या आत तिचं लग्न झालं. दुष्काळात घरोघर हेच चाललं होतं, पोरगी आणि तिची तहान दोन्ही सासरी पाठवायची. दिलेलं घर नायगावचं, म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं. मांडवात मला म्हणाली, "सगळ्या गावाला सरकारनं जिल्हा बदलून दिला, मी माझा मीच बदलून घेतला." दात झाकून हसली. तिच्या आईनं तिला सोबत तीच पोचा पडलेली घागर दिली, दुसरी घ्यायची ऐपत नव्हती. मी पहिल्या वर्गात पास झाले आणि पुढं लातूरला कॉलेजात गेले. तिथं सगळं नवं होतं. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, आणि मीही कोणीतरी नवी होऊन गेले.

बोलायची संधी मला मिळाली नाही असं नाही. दोनदा मिळाली. मी लग्न होऊन नांदेडला आले होते, शाळेत लागले होते, तेव्हा एका दुपारी ती दारात उभी. अंगणवाडीत सेविका झाली होती, दोन लेकरं पदरात, आणि बाहेरून दहावीला बसून पास झालेली. पिशवीतून गुणपत्रक काढून माझ्या पुढ्यात धरलं. "गणिताचे बग. तुझ्यापेक्षा जास्ती हायत का न्हाई?" होतेच. मी म्हटलं, "शीला, मला तुला एक सांगायचंय." ती म्हणाली, "च्या तर टाक आधी, उनाचं आलेय." मी चहा टाकला. उकळी येईपर्यंत माझं धैर्य निघून गेलं. चहा पिताना आम्ही लेकरांच्या शाळेबद्दल बोललो.

दुसऱ्यांदा, लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली त्या उन्हाळ्यात. सगळ्या टीव्हीवर तेच. तिचा फोन आला. "बगितलंस का मीने, आपल्या लातूरला आगगाडीनं पानी! आता तिथं घागरीचा नंबर कोन धरून राहिलं असंल गं?" आणि हसली. त्या हसण्यात काही होतं का? मी फोन कानाशी गच्च धरला. आता बोल, आता बोल, असं आतून कोणीतरी ढोसत होतं. मी म्हणाले, "आवाज तुटतोय गं, मी नंतर करते." आवाज अगदी स्वच्छ येत होता. नंतर मी फोन केला, तो तिच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी, आणि लग्नाच्या घरात असलं काय काढायचं?

नायगावला जलदान विधीला मी एकटीच गेले. ग्रुपमधल्या बाकीच्यांना अडचणी होत्या. बसच्या खिडकीतून करडईची काढलेली रानं, बांधावर पेटल्यासारखे पळस, आणि एका फाट्यावर ओळीनं उभी केलेली निळी प्लॅस्टिकची पिंपं. आता घागरी कोणी लावत नाही, पिंपं लावतात. कोणाच्या तरी पिंपावर रंगानं नाव लिहिलेलं होतं. मी ते वाचेपर्यंत बस पुढं गेली.

घरापुढं मांडव. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, समोर तिचा फोटो, मेणबत्त्या. फोटोत तिनं तोंड मिटलेलं होतं, दात दिसू नयेत म्हणून. त्रिसरण झालं, पंचशील झालं. सगळ्यांबरोबर मीही हात जोडून बसले होते. मग तिच्या मुलीनं, करुणानं, छोट्या कलशातलं पाणी वाटीत ओतायला सुरुवात केली. मागं गाथा चालू होती. वाटी भरली तरी ती थांबली नाही. पाणी काठावरून खालच्या ताटात उतरत राहिलं. गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी द्यायचं, भरून वाहीपर्यंत द्यायचं, असा तो विधी. मी ते आधीही पाहिलं होतं, शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या घरी, आणि तेव्हा काही वाटलं नव्हतं. या वेळी मला ते बघवेना. एक घागर पाणी. तेव्हा एका घागरीचाच तर प्रश्न होता.

जेवणं झाल्यावर मी करुणाला बाजूला घेतलं. ती बँकेत नोकरी करते, शांत मुलगी आहे, आईसारखीच उंच. मी म्हटलं, "बाळा, तुझ्या आईचा दहावीचा पेपर बुडाला होता, माहीत आहे तुला?"

"हो ना मावशी. टँकरच्या रांगेत घागर होती, आई वेणी घालायला गेली आणि मागं कोणी 'माझी' म्हणालं नाही. लहानपणापासून ऐकत आलोय आम्ही." मग ती जरा हसली. "त्यामुळंच तर आई आमच्या गल्लीत टँकर आला की शेवटपर्यंत उभी राहायची. आपलं पाणी भरलं तरी घरी यायची नाही. कोणाची घागर बेवारस दिसली की 'माझी हाय' म्हणायची. लोक चिडवायचे तिला, तुझ्या किती घागरी गं सेविकाबाई? ती म्हणायची, जेवढ्या मुक्या हायत तेवढ्या."

"मी होते तिथं," मी म्हटलं. "तिच्या घागरीशेजारी मीच बसले होते."

"माहीत आहे," करुणा म्हणाली. "आईनं सांगितलंय. म्हणायची, मीनाचं काय चुकलं? तिला बी गाडी धरायची व्हती."

म्हणजे ती ओळखून होती, अर्ध्या वेणीनं तिथं उभी होती तेव्हापासूनच. आणि तिनं माझ्यासाठी एक कारण शोधून ठेवलं होतं, आपल्या लेकरांना सांगायला बरं पडेल असं, मला झाकणारं. पण गाडी नऊला होती. टँकर आला तेव्हा आठही वाजले नव्हते. गाडीचा काही संबंध नव्हता. हंडा होता. माझे ओले केस होते. तिनं ज्याची क्षमा केली ते मी केलंच नव्हतं, आणि जे केलं होतं ते मी तिला कधी सांगितलं नाही. मी करुणाला सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली आणि ती गेली.

मांडवाच्या कडेला बायका भांडी घासत होत्या. अशा वेळी गल्लीतल्या घराघरांतून भांडी आणलेली असतात. कार्य उरकलं की एकजण एकेक भांडं उचलून विचारते आणि ज्याचं त्यानं न्यायचं, नाव घातलेलं असलं तरी. एक जाडजूड बाई पदर खोचून तेच करत होती. पातेलं, पराती, जग. आवाज येत होते, माझं, आमचं, इकडं दे. मग तिनं पाण्याची घागर उचलली. चिंचेनं घासलेली, पिवळीधमक. जमिनीवर टेकवली तर तिरकी बसली.

"ही कुनाची?"

कोणी बोललं नाही. घरचे लोक आत होते. नाव त्या घागरीवर कधीच घातलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं ती चावडीपुढची धूळ होती. बाईनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज चढवून दुसऱ्यांदा विचारलं, "आगं, ही घागर कुनाची हाय?" आणि बाजूला सारायला तिनं पाय पुढं केला.

"शीलाची," मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं की सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. "शीलाची आहे ती. माझ्या मैत्रिणीची."

बाईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ओळख लागेना. घागर भिंतीशी नीट टेकवून तिनं पुढचं पातेलं उचललं आणि जरा वैतागूनच म्हणाली, "मग पयल्यांदाच बोलायचं की बाई. कवाची इचारून राहिले मी."